ज्ञानदेवांचं नाटक: तयारीची यादी

कार्तिक वद्य त्रयोदशी हा ज्ञानेश्वरमहाराजांचा समाधीदिन. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलं चारही भावंडांचं नाटक करतात, दर वर्षी. दिवाळीच्या अमावास्येनंतर ही तिथी साधारण चार आठवड्यांनी येते आणि त्यातले बरेच दिवस सुट्टीत जातात. तेव्हा सर्वांत आधी कालनिर्णय उघडून तारीख पक्की करा, आणि पात्रनिवड, संहितेच्या प्रती, पाठांतर एवढं सहामाही परीक्षेपूर्वीच उरकून घ्या. सुट्टीनंतर उरतात त्या हालचालींच्या तालमी.

पात्रं निवडताना वय बघा. परंपरेनुसार निवृत्तिनाथ १२७३ चे, ज्ञानदेव १२७५ चे, सोपान १२७७ चे आणि मुक्ताई १२७९ ची. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते. ही खरोखरच शाळेच्या वयाची मुलं होती, हे मुलांना पहिल्याच तालमीत सांगा. चेहरे बदलतात त्यांचे. ज्ञानदेव आठवी-नववीतला घ्या, निवृत्ती त्याच्याहून थोराड, सोपान सहावीतला, मुक्ता चौथी-पाचवीतली. दाढी-मिशा पैठणच्या शास्त्र्यांना लावा, भावंडांना नको. प्रत्येक मोठ्या भूमिकेला एक बदली मूल तयार ठेवा. थंडी सुरू झालेली असते, घसे बसतात.

भावंडांचे आईवडील विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांचं देहान्त प्रायश्चित्त रंगमंचावर दाखवू नका. समोर पहिलीतली मुलं बसलेली असतात. कीर्तनकाराच्या तोंडी दोन वाक्यं द्या, मागे टाळ थांबवा, तेवढं पुरतं. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवण्याच्या प्रवेशाआधी शास्त्री झालेल्या मुलांशी आणि भावंडं झालेल्यांशी एकत्र बसून बोला. एका वर्षी हे राहून गेलं आणि सोपान झालेल्या मुलाला पुढे आठवडाभर वर्गात तसंच चिडवलं गेलं. ती चूक माझी होती.

रेड्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तो आधी करायला घ्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर काळं कापड, डोकं कागदाच्या लगद्याचं. लगदा नीट वाळायला आठवडा धरा. वरून कोरडा दिसतो, आत ओल राहते आणि शिंग ऐन वेळी मान टाकतं. आत एकाच उंचीची दोन मुलं हवीत. मानेखाली जाळीचं कापड लावा, म्हणजे हवाही येते आणि पुढच्याला पायाखालचंही दिसतं. सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्यांना आत ठेवू नका. वेदमंत्र विंगेतून माइकवर म्हणायचा, पण डोकं हलवणारा आणि म्हणणारा यांनी रोज एकत्र तालीम करायची. पहिल्या अक्षराला जबडा उघडला, तर सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते. रेड्यावरचे आसूड ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटतात ते वळ आधीच रंगवून उपरण्याखाली झाका. हा रंग आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहा, कुणाला पुरळ उठत नाही ना. दाढीच्या डिंकाचंही तेच.

मुक्ताई ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजते, त्या प्रवेशात खरा विस्तव नको. लाल दिवा खालून टाका. भिंत चालवायची तर चाकं मोठी घ्या आणि रंगमंचावरच्या फळ्यांच्या फटी आधी तपासा.

ताटी, म्हणजे झोपडीचं दार, मात्र खरी बनवा. पुठ्ठ्याची नको. बांबूच्या पट्ट्या सुतळीने आवळून बांधा, मध्ये बोटभर फट ठेवा आणि दिवा ज्ञानदेवांच्या मागे ठेवा. रुसून आत बसलेल्या मोठ्या भावाची सावली त्या फटींतून दिसते, बाहेर एवढीशी मुक्ता बोटांच्या पेरांनी ताटीवर टकटक करते. तिला अभंग गायला लावायची घाई करू नका, आधी नुसतं बोलू द्या. माझ्या मते सगळं नाटक या प्रवेशात आहे. म्हणून मुक्तेला गोड गळ्यापेक्षा स्पष्ट उच्चारांची मुलगी शोधा.

कपड्यांना खर्च नको: पांढरी धोतरं, उपरणी, मुक्तेला साधं लुगडं, तुळशीच्या माळा, गोपीचंदन. धोतराच्या गाठीला आतून सेफ्टीपिन लावाच. पेटी, मृदंग आणि टाळकरी एका बाजूला बसवा, माइक त्यांच्यापासून लांब ठेवा.

समाधीच्या प्रवेशात मुलाला बंद जागेत बसवू नका. ज्ञानदेव मागच्या पडद्यातून निघून जातात, निवृत्तिनाथ शिळा लावतात, दिवे हळूहळू उतरतात. पूर्ण अंधार नको. आणि विंगेत एक ताई त्या निवृत्तीजवळ उभी राहू दे. दर वर्षी तो मुलगा खरंच रडतो.

दुसऱ्या दिवशी धोतरं धुऊन, माळा मोजून, रेड्याचं डोकं जुन्या चादरीत गुंडाळून पेटीत ठेवा. सामानाची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, काय तुटलं तेही त्याच कागदावर लिहा.