मल्टिकॅम संकलनात आवाज कुठे बिघडतो

मल्टिकॅम संकलन, म्हणजे एकाच कार्यक्रमाचे अनेक कॅमेऱ्यांनी केलेले चित्रीकरण एकत्र जुळवून केलेले संकलन, शिकवणाऱ्या बहुतेक वर्गांत चित्र बदलण्यावरच भर असतो. आकड्याची कळ दाबली की अँगल, म्हणजे दिसणारा कॅमेरा, बदलतो, आणि काम जमले असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात वेळ आणि मनस्ताप दोन्ही आवाजावर जातात. मी मुख्यत्वे शास्त्रीय गायनाच्या मैफलींचे संकलन करते, म्हणून येथे उदाहरण मैफलीचेच घेते: तीन कॅमेरे, आणि ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज.

संकलनाच्या सॉफ्टवेअरांविषयी माझी मूळ तक्रार अशी, की प्रत्येक कॅमेरा म्हणजे चित्र आणि आवाज यांची एक जोडी, असे ती धरून चालतात. चित्राबरोबर आवाजही बदलण्याची सोय सुरू राहिली, तर प्रत्येक कटला तानपुऱ्याचा पोत बदलतो, आणि तो नाद अखंड असल्यामुळे हा बदल कानाला तत्काळ टोचतो. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मल्टिकॅम सीक्वेन्स, म्हणजे सर्व कॅमेऱ्यांच्या क्लिपची एकत्र मांडणी, तयार करताना आवाजासाठी तीन पर्याय मिळतात: केवळ पहिल्या कॅमेऱ्याचा, सर्व कॅमेऱ्यांचा एकत्र, किंवा अँगलनुसार बदलणारा. मैफलीसाठी पहिलाच पर्याय योग्य, आणि तोही रेकॉर्डरचा आवाज पहिल्या ट्रॅकवर ठेवून. मात्र कॅमेऱ्यांचे माईक चित्रीकरणाच्या वेळी बंद करू नयेत. तो आवाज अंतिम चित्रफितीत जाणार नसला, तरी सर्व कॅमेरे आणि रेकॉर्डर यांची वेळेची जुळवणी त्याच्याच आधाराने होते. संथ आलापात आघात नसल्याने ही आपोआप होणारी जुळवणी कधी चुकते. तेव्हा तबल्याची पहिली स्पष्ट थाप शोधून हाताने जुळवावे.

जुळवणी अचूक झाल्यावरही एक दोष उरतो, आणि तो सॉफ्टवेअर दाखवत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सभागृहात २० मीटर मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माईकपर्यंत तो सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. रेकॉर्डरचा आवाज मात्र गायकाच्या तोंडाजवळच्या माईकवरून आलेला असतो. दोन्ही आवाज एकमेकांवर बसवले की मागच्या कॅमेऱ्याचे चित्र जवळजवळ दीड फ्रेम पुढे सरकते, म्हणजे तबलजीचा हात आधी पडतो आणि बोल मागून ऐकू येतो. दूरच्या दृश्यात हे लपून जाते, पण त्याच कॅमेऱ्याने झूम करून तबल्यावरची बोटे टिपली असतील, तर जाणकार श्रोता ते लगेच पकडतो. मूळ मल्टिकॅम सीक्वेन्स उघडून तो अँगल एक किंवा दोन फ्रेम उशिरा सरकवावा, आणि कोणते अंतर बरे दिसते ते द्रुत लयीच्या भागात डोळ्यांनीच ठरवावे.

लांब मैफलीत यंत्रांची घड्याळेही एकमेकांपासून सरकतात. दर दहा लाखांत दहाचा फरक नगण्य वाटतो, तरी दोन तासांत तो ७२ मिलिसेकंद होतो. म्हणून जुळवणी सुरुवातीला आणि शेवटीही तपासावी, आणि फरक आढळल्यास टाळ्यांच्या जागी कॅमेऱ्याची क्लिप कापून पुन्हा बसवावी. मोबाईलवरचे चित्रीकरण असेल तर फ्रेमचा वेग अस्थिर असू शकतो. ते आधी स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे.

आवाजाच्या चॅनेलची व्यवस्था मल्टिकॅम तयार करण्यापूर्वीच लावावी, हे मी विशेष आग्रहाने सांगते. एका चॅनेलवर बाहेरचा माईक आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा अंगचा माईक असेल, आणि सॉफ्टवेअरने त्यांना स्टिरिओ मानले, तर गाणे डावीकडे आणि सभागृहाची कुजबुज उजवीकडे ऐकू येते. ही रचना नंतर मूळ क्लिपमध्ये बदलली, तरी सीक्वेन्समध्ये आधीच बसलेल्या क्लिपला तो बदल लागत नाही. शेवटी ध्वनिमिश्रकाकडे काम पाठवण्यापूर्वी मल्टिकॅम फ्लॅटन करावे लागते, म्हणजे निवडलेल्या अँगलच्या साध्या क्लिप करून घ्याव्या लागतात. त्यानंतर अँगल बदलण्याची सोय राहत नसल्याने त्या सीक्वेन्सची प्रत आधी बाजूला काढून ठेवावी.