पोस्ट निघाली नाही, गावी परत आलो, आता वाचायचं कसं

हे मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांनी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात पाच-सहा वर्षं काढली, पूर्व निघाली, मुख्य निघाली, कुणाची मुलाखतही झाली आणि शेवटच्या यादीत नाव आलंच नाही, मग वय गेलं किंवा घरचे पैसे संपले आणि बॅग भरून एसटीने गावी यावं लागलं. माझं तसंच झालं. सहा वर्षं सदाशिव पेठेत, दोन मुख्य, एक मुलाखत, आणि आता अकरा वर्षं तालुक्याच्या गावात एका कृषी सेवा केंद्रात बिलिंग आणि हिशेब बघतो. लग्नाचं आधी लांबलं आणि मग जमलंच नाही, तेही त्यातच आलं. या अकरा वर्षांत मला ज्याने धरून ठेवलं ते म्हणजे कथा, कादंबऱ्या आणि कविता. लोकांना सांगितलं की म्हणतात, वा, छंद चांगलाय. पण माझ्यासाठी तो छंद नाही, मी त्याच्यावर उभा आहे. म्हणून कसं करायचं ते नीट सांगतो, कारण नुसतं 'वाचत जा रे' म्हणून कुणाचं काही होत नाही, मलाही दोघा-तिघांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

सगळ्यात आधी आपल्याला लागलेली वाचायची सवय मोडावी लागते. आपण सहा वर्षं रोज दहा-बारा तास वाचलेलं असतं पण ते सगळं 'यावर प्रश्न येईल का' या एका हिशेबाने. पुण्यात असताना बुधवार पेठेत पुणे नगर वाचन मंदिरावरून कितीतरी वेळा गेलो, ते १८४८ साली सुरू झालं हे मला पाठ होतं कारण लोकहितवादींच्या नोट्समध्ये होतं, पण आत पाय ठेवून एक कादंबरी घ्यावी असं एकदाही मनात आलं नाही. गावी आल्यावर पहिली कादंबरी हातात घेतली ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', तीसुद्धा पातळ आहे म्हणून. पहिल्या दहा पानांतच मी पेन्सिलने माणसांची नावं अधोरेखित केली, आतल्या पानावरच्या १९५५ भोवती गोल केला, समासात छोट्या अक्षरात 'महत्त्वाचं' असं लिहिलं, आणि तिथेच हात थांबला. कुणासाठी महत्त्वाचं? कुणी विचारणारच नव्हतं. वाचनालयाचं पुस्तक होतं, मी दुकानातलं खोडरबर आणून सगळं खोडत बसलो, त्या गोलाची खूण अजून आहे त्या पानावर.

मग ते पुस्तक पहिल्यापासून परत वाचलं. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा चालवतो, लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. त्याचं काही चुकलेलं नसतं. सहा वर्षांत मला क्लासमध्ये, अभ्यासिकेत, घरी, कुणी हे सांगितलं नव्हतं की काही न चुकता पण असं होऊ शकतं, सगळे हेच विचारत होते की कुठे कमी पडलास. त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी नीट झोप लागली.

तेव्हा पहिलं काम, पेन्सिल लांब ठेवा. पानं मोजू नका. 'या वर्षी ५० पुस्तकं' असलं टार्गेट तर अजिबात घेऊ नका, तो परत कट-ऑफच झाला आणि डिसेंबरमध्ये ४१ वर अडकलात की परत तेच तोंड कडू होणार. नाही आवडलं तर पुस्तक अर्ध्यात सोडा, परत करा, त्यात नापास काही नसतं. आणि ती प्रेरणा देणारी, यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं निदान दोन-तीन वर्षं बाजूला ठेवा. कष्ट केले की फळ मिळतंच असं ज्याला अनुभवाने पटत नाही त्याने तेच वाक्य दोनशे पानं वाचलं की जखमेवर मीठ बसतं बाकी काही नाही. कादंबरी तसं काही वचन देत नाही, ती फक्त एका माणसाचं आयुष्य जवळून दाखवते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

पुस्तकं विकत घ्यायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, वाचनालयात नाव घाला. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्या अनुदानावर चालणारी वाचनालयं तालुक्यालाच काय मोठ्या गावांत पण असतात, अ ब क ड असे वर्ग असतात त्यांचे. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी भरायची, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं. आमच्याकडे वर्गणी चाळीस रुपये आहे, महिन्याला आपला एवढा तर चहा होतो. सकाळी एक वेळ असते आणि संध्याकाळी एक, मी दुकान बंद करून सातला जातो. एक गोष्ट आवर्जून सांगतो, अभ्यासिकेच्या खोलीत बसू नका. बऱ्याच वाचनालयांत आता तिकडेच गर्दी असते, पोरं मान खाली घालून त्याच नोट्स वाचत असतात, ते बघून पहिल्या वर्षी माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. सरळ कपाटांकडे जा, पुस्तक घ्या, घरी या.

कुठलं पुस्तक घ्यायचं? यादी मी देणार नाही कारण यादी म्हटलं की आपण परत सिलॅबस पूर्ण करायला बसतो. पण एक युक्ती सांगतो. पुस्तकाच्या शेवटी परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. आमच्या वाचनालयात पूर्वी तारखेच्या शेजारी सभासद क्रमांक पण लिहायचे. मला एकदा एक कवितासंग्रह मिळाला, शेवटची तारीख १२ मार्च २००३, आणि त्या चिठ्ठीवर एकूण पाचच नोंदी, त्यातल्या तीन २१७ च्या. म्हणजे या माणसाने, किंवा बाईने, तो संग्रह तीन वेळा घरी नेला होता. मी ग्रंथपाल मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, जुनं रजिस्टर पावसात भिजलं हो, काही सांगता येणार नाही. मग मी पुस्तकं काढून काढून मागची चिठ्ठी बघायला लागलो आणि जिथे २१७ दिसेल ते घरी आणायला लागलो. जीएंच्या, म्हणजे जी. ए. कुलकर्णींच्या, कथा मला २१७ मुळे कळल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पण. तुमच्याकडे नंबर नसतील तर नुसत्या तारखा बघा, जे पुस्तक तीस वर्षं थोडं थोडं पण सतत जात राहिलंय ते आणा.

वेळेचं म्हणाल तर रोज अर्धा तास, ठरलेला, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पण वर्षभर सारखं वाचन होत नाही हे मान्य करा. आमच्या धंद्यात जून-जुलै म्हणजे खरीप, सकाळी आठला शटर वर केलं की रांग, ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैसे, प्रत्येकाचा आधार, प्रत्येकाचा अंगठा त्या ई-पॉस मशीनवर, कष्टाच्या हातांचे ठसे लवकर उमटत नाहीत, मग परत पुसा, परत ठेवा, रेंज नाही, गिऱ्हाईक ओरडतंय. रात्री घरी आल्यावर कादंबरीचं पान डोळ्यासमोर हलतं. त्या दोन महिन्यांत मी फक्त कविता वाचतो, रोज एक, ती पण जेवायच्या आधी. बहिणाबाई चौधरींची गाणी या दिवसांत फार जवळची वाटतात, त्या शेतातली आणि घरातली कामं करता करता रचत होत्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, जे टिकलं ते घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून, आणि पुस्तक निघालं १९५२ ला, त्या गेल्यानंतर. कुणी दखल घेईल म्हणून त्या थांबून राहिल्या नव्हत्या हे मला गोण्या मोजताना कितीदा तरी आठवतं. जाड कादंबऱ्या फेब्रुवारी ते मे. तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचं कॅलेंडर तुम्ही लावा पण लावा मात्र.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाठ करा. आपल्याला पाठांतराचा कंटाळा आलेला असतो, पाठ केलेलं सगळं वाया गेलं असं वाटतं, पण हे वेगळं पाठांतर आहे. तुकोबांचा एक अभंग आहे ज्यात ते स्वतःची हकिगत सांगतात, दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, व्यवसायात तोटा आला आणि जिवाला लाज वाटायला लागली. 'लज्जा' हा शब्दच आहे त्यात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं हे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं नाहीच, हे कालच्या माझ्या घरातलं आहे, नातेवाइकांच्या लग्नाला जायचं टाळणाऱ्या माणसाचं आहे. आणि त्यानंतर त्यांनी काय केलं ते पण ते तिथेच सांगतात, 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां'. म्हणजे स्वतः लिहायच्या आधी दुसऱ्यांचे शब्द पाठ केले, विश्वासाने आणि आदराने. एवढा मोठा कवी, पण पडल्यावर आधी वाचकच झाला. आपल्याला पुढचं लिहिणं जमणार नाही, पण हे पहिलं पाऊल तर जमेल ना?

मी असं करतो की आठवड्याला एक अभंग किंवा एक कविता, जुन्या बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर पेनाने लिहून काढतो, घडी करून खिशात. दुकानात जरा सवड मिळाली की दोन ओळी. शनिवारपर्यंत बसते. कागद फाटतो, घामाने शाई पसरते, तोपर्यंत ते आत गेलेलं असतं. याचा उपयोग कधी होतो सांगू, माझ्या बॅचचा एक मित्र अधिकारी झाला आणि एकदा आमच्याच तालुक्याला दौऱ्यावर आला. गाडी दुकानासमोर थांबली, तो खरंच प्रेमाने भेटला, 'काय रे, कसा आहेस' म्हणाला, मला त्याच्याशी बोलता पण आलं, पण गाडी गेल्यावर हात थरथरत होते. तेव्हा मोबाइल नाही, पुस्तक नाही, समोर गिऱ्हाईक. त्या आठवड्याचा अभंग मनातल्या मनात दोनदा म्हटला आणि पुढचं बिल फाडलं.

घरात कुणी असेल तर मोठ्याने वाचा, हे मला फार उशिरा सुचलं. आईची दृष्टी कमी झाली तेव्हा तिला 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायला लागलो. तोवर आमच्यात बोलणं म्हणजे जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच. तिला माझ्या परीक्षेचा विषय काढायची भीती वाटायची आणि मला तिच्या गप्प बसण्याची. लक्ष्मीबाईंचं शिक्षण म्हणावं असं नव्हतं, १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, काही वर्षं ताटातूट झाली, आणि हे सगळं ती बाई अशी सांगते की रडता रडता हसू येतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी वाचताना आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मध्ये पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, 'आरं बस की, पुढं वाच.' मग नवरा सोडून गेल्याचा भाग आला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, आणि म्हणाली, 'तुझा रिजल लागला त्या दिवशी मी पण अशीच बसली होती चुलीपाशी.' पाच वर्षं हे वाक्य तिच्या पोटात होतं. मी त्यावर काही बोललो नाही, पुढचं पान वाचलं.

एक काळजीचं सांगणं आहे. निकालाच्या दिवशी, किंवा रात्री दोनला झोप येत नाही म्हणून, काळोख असलेली पुस्तकं काढू नका, मला जीए कितीही आवडत असले तरी ते मी दुपारी वाचतो. त्या वेळी आधी वाचलेलं, ओळखीचं, हलकं काहीतरी घ्या. आणि झोप आठवडे उडाली असेल, जगणं नको असं वाटत असेल तर पुस्तकावर विसंबू नका, माणसाशी बोला, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस ही फोनसेवा आहे, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी पहिल्या वर्षी एका डॉक्टरकडे जात होतो आणि त्याच काळात वाचत पण होतो, दोन्ही लागलं.

पैसे जपून वापरायचे असतील तर दोन गोष्टी आणखी. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट पीडीएफ मिळतात. आणि दिवाळीनंतर वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी निघते, ती भरा, दोन-तीन महिने अंक आलटून पालटून मिळतात. मराठीत हे दिवाळी अंकाचं १९०९ पासून चालू आहे, 'मनोरंजन'पासून, आणि ज्याला सलग मोठं वाचवत नाही त्याच्यासाठी कथा, कविता, लेख सगळं एका अंकात असतं, सुरुवात तिथूनही करता येते. नाव लवकर द्या, चांगले अंक पहिल्या आठवड्यातच उचलले जातात.

मागच्या वर्षी आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला, आता नोंद त्यात होते, चिठ्ठीवर फक्त तारखेचा शिक्का मारतात. मी मॅडमना विचारून घेतलं की मी माझा नंबर लिहिला तर चालेल का. त्या म्हणाल्या, लिहा की, कोण बघतंय. माझा १०६४ आहे. त्या कवितासंग्रहाच्या चिठ्ठीवर १२ मार्च २००३ च्या खाली तो आता चार वेळा आहे.