एक्स-१५ जिथे कोसळलं तिथे जायचं तर

ओझरची विमानं बघत वाढलेल्या कुणा नाशिककराचं कॅलिफोर्नियाला जाणं झालं, तर मोहावी वाळवंटासाठी एक अख्खा दिवस काढा. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी वैमानिक मायकेल ॲडम्स एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेटवर चालणारं प्रायोगिक विमान घेऊन २,६६,००० फुटांवर पोचले होते. विजेच्या गडबडीने नियंत्रण ढिलं पडलं, नाक भरकटलं आणि आवाजाच्या पाचपट वेगात विमान गिरक्या घेऊ लागलं. ॲडम्सनी त्यातून ते बाहेर काढलंही. पण स्वयंचलित यंत्रणेमुळे विमान हेलकावतच राहिलं आणि साधारण ६०,००० फुटांवर फुटलं. ॲडम्स वाचले नाहीत. रँड्सबर्ग आणि जोहान्सबर्ग या जुन्या खाणगावांजवळ २००४ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं.

नोव्हेंबर ते मार्चमध्येच जा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आरटीओतून काढून घ्या. लॉस एंजेलिसहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. शेवटचा टप्पा कच्चा आहे आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. तिथे अडकलात तर विमा हात वर करतो. म्हणून कच्च्या रस्त्याची परवानगी असलेली, उंच फोर-बाय-फोरच घ्या, स्टेपनीतली हवा तपासा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

पाणी माणशी किमान चार लिटर. अंजनेरी-ब्रह्मगिरी करणाऱ्यांना वाटेत टाकं लागेल अशी सवय असते. इथे काहीच लागत नाही.

मोठे अवशेष तेव्हाच उचलले गेले. उरलेत ते बारीक तुकडे, तेही मैलोन्मैल विखुरलेले. ऊन तिरकं असताना, पाच-सहा मीटरचं अंतर ठेवून ओळीत चाला. पावसाने तुकडे वाहून जातात, म्हणून कोरड्या ओढ्यांचे काठ नीट बघा. खाणकामगारांचे गंजके डबे सगळीकडे पडलेत, त्यांना चुंबक चिकटतं. विमानाचं कवच इनकोनेल एक्स या निकेलच्या मिश्रधातूचं. ते गंजत नाही, चुंबकालाही दाद देत नाही. मात्र ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

तुकडा सापडला तर जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. खिशात मात्र घालू नका. ती सरकारी मालमत्ता आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे तिथे एका माणसाचा जीव गेलाय.

धोका सापांपेक्षा खाणींचा जास्त. उघड्या विहिरींसारखे खड्डे झुडपांआड असतात आणि काठाची माती ढासळते, तेव्हा जवळ जाऊन डोकावू नका. नोव्हेंबरात पावणेपाचलाच सूर्य मावळतो. साडेतीनला परत फिरा. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा: वाळवंटी कासवं सावलीसाठी चाकापाशी येऊन बसतात.