ऱ्हाईनकाठचे किल्ले, चोडणकरांच्या पद्धतीने

नकाशा उघडलात की आधी किल्ले शोधू नका, पूल शोधा. जर्मनीत कोब्लेन्झ सोडलं की थेट माइन्झ-वीसबाडेन येईपर्यंत, सुमारे ८० किलोमीटर, ऱ्हाईनवर एकही पूल नाही. आणि पाहण्यासारखे किल्ले नेमके याच पट्ट्यात आहेत. माणसं, गाड्या, सायकली सगळं फेरीबोटीने पलीकडे जातं. हे मुलाने फोनवर सांगितलं तेव्हाच माझी अर्धी भीती गेली. उभा जन्म गोव्यातल्या मांडवीवरच्या रायबंदर-चोडण फेरीत गेलाय माझा. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पणजीकरांना जे शिकावं लागलं, ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक: आधी विचारायचं ‘कुठची तड?’, म्हणजे कुठचा काठ, मग पिशवी उचलायची.

तर तडी पाठ करून ठेवा. प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं की डाव्या तडीला बाखाराख, ओबरवेझेल, सांक्ट गोआर, बोपार्ड. उजव्या तडीला काउब, सांक्ट गोआर्सहाउझेन, ब्राउबाख. दोन्ही काठांनी रेल्वे आहे, आणि कोब्लेन्झच्या एकाच स्टेशनातून दोन्हीकडच्या गाड्या सुटतात. आमच्या ह्यांनी पाटीवर ‘गोआर’ एवढंच वाचलं आणि ‘चल, आपलंच गाव’ म्हणत चढले. उतरलो ते गोआर्सहाउझेनला. आमची खोली समोर, नदीपलीकडे, अगदी दिसत होती. फेरीने पोचलो म्हणा, पण तिथे चालत्या माणसालाही तिकीट असतं, आपल्यासारखं फुकट नाही. सुटे युरो खिशात ठेवा.

या चुकीचा एक फायदा झाला. काठावर उभं राहिल्यावर लक्षात आलं की डोक्यावरचा किल्ला आपल्याला दिसतच नाही, दिसतो तो समोरचा. गोआर्सहाउझेनच्या माथ्यावरचा ‘काट्स’ खासगी आहे, आत सोडत नाहीत. तो गोआरच्या धक्क्यावरून बघायचा. गोआरच्या वरचा राइनफेल्स बघायचा तो गोआर्सहाउझेनहून. ४० च्या आसपास किल्ले आहेत, सगळे चढायला गेलात तर गुडघे तिथेच ठेवून याल. आत जायला दोन निवडा, बाकीचे बोटीतून.

माझे दोन सांगते.

पहिला ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. या भागातले बहुतेक किल्ले फ्रेंचांनी फोडले, काही नंतर हौसेने पुन्हा बांधले. हा एकच डोंगरी किल्ला कधी पडला नाही. एकट्याने हिंडता येत नाही, गाईडबरोबरच आत सोडतात. इंग्रजी फेरी कधी आहे ते आधी बघून जा. दरवाजातून शिरलं की पायऱ्या नाहीत, उघडा खडकच पायऱ्यांसारखा खोदलाय, घोडेस्वारांसाठी. उंची सारखी नाही, मधे खळगे, आणि दगड झिजून गुळगुळीत. आपल्या चिऱ्यावर पाय घट्ट बसतो, इथला दगड पाटीसारखा, पाऊस पडला की निसरडा. चपला घालून गेलात तर हात धरायला माणूस न्या. वर स्वयंपाकघर आहे, त्यातली चूल एवढी मोठी की आमच्या घरची न्हाणी तिच्यात मावेल.

दुसरा काउबचा, नदीच्या मधोमध बेटावर: फाल्त्सग्राफेनश्टाइन. आपला रेइश मागूशचा किल्ला मांडवीच्या तोंडावर बसलाय तो शत्रूच्या जहाजांसाठी. हा बसलाय जकातीसाठी. १३२७ च्या सुमाराला बव्हेरियाच्या लुडविगने उभा केला, येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून पैसे उकळायला. प्रवाह येतो त्या बाजूचं टोक गलबताच्या नाळेसारखं निमुळतं केलंय, वाहून येणारा बर्फ त्यावर आपटून फुटावा म्हणून. काउबहून छोटी होडी सोडते. पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की होडी बंद, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. १८१४ च्या नवीन वर्षाच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर इथूनच फौज घेऊन नेपोलियनच्या मागे लागला. त्यालाही पूल नव्हताच, होड्या जोडून त्यावरून गेला.

लोरेलाय म्हणून १३२ मीटरचा कडा आहे, त्याचं फार कौतुक. बोटीतून दिसतो, तेवढा पुरे.

आता बोट. प्रवासी बोटी एप्रिल ते ऑक्टोबर नीट चालतात. प्रवाहाबरोबर बाखाराखहून गोआरला लवकर पोचता, उलट्या दिशेने बराच वेळ लागतो. मी म्हणते, बोटीने खाली जा आणि रेल्वेने परत या. काठावर पांढऱ्या पाट्यांवर किलोमीटरचे आकडे आहेत, ते वरच्या अंगाच्या कोन्स्टान्झ शहरापासून मोजलेत. ५४६ ला काउब, ५५४ ला लोरेलाय. पाटी बघून कॅमेरा काढायचा, म्हणजे शेजाऱ्याला दर पाच मिनिटांनी विचारावं लागत नाही. वरच्या डेकवर जून महिन्यातही स्वेटर लागला मला.

मुक्काम एकाच गावात करा. फ्रँकफुर्टला उतरून माइन्झला गाडी बदलली की बाखाराख दीडेक तासावर. गावात १३६८ चं लाकडी घर अजून उभं आहे, आणि वरच्या श्टालेक किल्ल्यात युवक वसतिगृह आहे, तिथे कोणालाही राहता येतं. चढ मात्र सामानासकट चढावा लागतो. खाली गावात खोली घेतलीत तर रुळांपासून लांबची मागा. मालगाड्या रात्रभर दोन्ही काठांनी जातात आणि दरीत आवाज घुमतो. आम्ही पहिली रात्र बसूनच काढली.

व्हिसा शेंगेनचा. घरात कोणी पोर्तुगीज पासपोर्टवाला असेल तर त्याला तो लागत नाही, आणि हे तो मोपाच्या विमानतळापासून फ्रँकफुर्टपर्यंत ऐकवत राहील, तयारी ठेवा. रविवारी दुकानं बंद, पाव शनिवारीच घ्या.

आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते, ते पहिल्या फेरीतच विचारून ठेवा. धक्क्यावरून हाका मारल्या म्हणून तिथे बोट मागे वळत नाही.