जर्मनीत वाणसामान भरताना या चुका टाळा

जर्मनीत आल्यावर पहिल्या महिन्यात मी इंडियन शॉपमधून तूप, रवा, मसूरडाळ असं सगळं पिशवीभर उचलून आणलं. पुढे कळलं की यातलं बरंचसं घराजवळच्या साध्या सुपरमार्केटात होतं, फक्त नावं ओळखीची नव्हती.

'बुटरश्माल्त्स' म्हणजे तूप. घरच्या कढवलेल्या तुपाचा खमंग वास त्याला नाही, पण फोडणीला आणि शिऱ्याला छान चालतं. 'रोटे लिन्झेन' ही मसूरडाळ. रव्यात मात्र फसायला होतं. 'वाइखवाइत्सनग्रीस' मऊ गव्हाचा, त्याच्या उपम्याचा गोळा होतो. पाकिटावर 'हार्टवाइत्सन' शब्द शोधा. श्रीखंडासाठी रात्रभर दही टांगायचीही गरज नाही, पाकिटावर ४० टक्के फॅट लिहिलेला 'क्वार्क', म्हणजे तयार चक्क्यासारखा पदार्थ, आणा. बिनचरबीचा 'मागरक्वार्क' स्वस्त, पण श्रीखंड कोरडं लागतं. ४०५ नंबरचं गव्हाचं पीठ म्हणजे जवळजवळ मैदाच, त्याच्या पोळ्या गार झाल्या की चामट होतात. कणीक, तूरडाळ आणि पोहे यांसाठी मात्र इंडियन शॉपची फेरी खुशाल करा. कोथिंबिरीची भरघोस जुडी आणि भेंडी तुर्की दुकानात बघा. (भाव रुपयांत करायची सवय सोडा, नाहीतर जुडी हातातून परत ठेवाल.)

पाकिटाच्या किमतीवर जाऊ नका. शेल्फवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो, तुलना त्याची करायची.

पाण्याच्या बाटल्या वाहून आणणं ही आणखी एक हौस. इथलं नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं. बाटली घेतलीच तर प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट 'फांड', म्हणजे अनामत, भरलेली असते. रिकामी बाटली चेपून कचऱ्यात टाकू नका, सुपरमार्केटातल्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनमध्ये घाला, म्हणजे अनामत परत मिळते. चेपलेल्या बाटलीवरची खूण मशीनला वाचता येत नाही. मशीनमधून निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्यायला विसरू नका. माझ्या कोटाच्या खिशात अशा तीन सापडल्या होत्या.

रविवारी दुकानं बंद. दूध संपलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान गाठायचं, तिथे बहुधा भाव चढा.

आणि सुट्टीवरून परतताना आईने बांधून दिलेलं तूप, पेढे? भारतातून दुधाचे पदार्थ सामानात आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. पेढे विमानतळावर निघण्याआधीच संपवा.