सोयाबीनची फवारणी: झाकणाने मोजू नका, हिशोब करा

आपल्या इंदूरकडे, सांवेर-देपालपूर-महू पट्ट्यात सोयाबीन फुलावर येतंय, पावसाने उघडीप दिली की सगळे पंप पाठीवर घेऊन निघणार, म्हणून त्याआधीच औषधाचा हिशोब मांडून ठेवा. दुकानात विचारलं की "पंपाला एक झाकण टाका भाऊ" एवढंच ऐकायला मिळतं, आणि झाकण तर प्रत्येक बाटलीचं वेगळं!

लेबलवरची मात्रा हेक्टरची असते, पंपाची नाही, सगळा घोळ इथेच होतो. समजा चक्री भुंगा नि उंटअळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रव कीटकनाशक, 18.5 टक्के) आणलंय, तर हेक्टरी 150 मिली. पाणी 500 लिटर धरलं की लिटरला 0.3, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 4.5 मिली. पण तुमचं हेक्टर 20 पंपांतच उरकत असेल तर 150 भागिले 20, पंपाला 7.5 मिली घ्यावं लागेल, नाहीतर शेतात जेमतेम 90 मिली पडणार, अळी मरणार नाही आणि मग औषधच डुप्लिकेट होतं म्हणून ओरड. पॉवर स्प्रेयरला 125 लिटर पाण्यात हेक्टर होतं, तिथे लिटरला 1.2 मिली. म्हणून आधी एक पंप नुसतं पाणी मारून किती जागा भिजते ते मोजा, आणि बिघ्यात नको, बिघा गावागणिक बदलतो.

आता 4.5 मिली मोजायचं कसं? लॅबवाले करतात तसं करा, 45 मिली औषध मापात घ्या, पाणी टाकून एकूण 1 लिटर करा (लिटरभर पाण्यात वरून 45 नाही हं), आणि दर पंपाला यातलं 100 मिली. दहा पंप झाले. प्रत्येक वेळी काढायच्या आधी ढवळा.

निंबोळी अर्क घेताना पीपीएम (दहा लाख भागांत मूळ औषधाचे किती भाग, म्हणजे तीव्रता) बघाच. 1500 पीपीएमवाला लिटरला 5 मिली लागतो, तोच हिशोब 10000 वाल्याला 0.75 मिली, कारण 1500 गुणिले 5 भागिले 10000. सवयीने 5 मिली टाकलं तर पैसे वाया, वर पानं करपायची भीती.

युरिया 2 टक्के म्हणजे लिटरला 20 ग्रॅम, पंपाला 300.

द्रावण लागेल तेवढंच बनवा, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात नाही, घरात पोरं असतात.