चोवीस भाषांच्या सभागृहात अध्यक्षस्थानी बसताय? मग या चुका टाळा

अभिरूप युरोपीय संसदेत ज्याला अध्यक्षाची खुर्ची मिळते, तो विद्यार्थी बहुतेक वेळा तयारी करतो ती लोकसभा टीव्हीवर बघून. आवाज कसा चढवायचा, ‘आपण बसा, आपण बसा’ किती वेळा म्हणायचं, गोंधळ वाढला की कामकाज कधी तहकूब करायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. स्ट्रासबर्गच्या, म्हणजे युरोपीय संसदेच्या सभागृहात त्यातलं फारसं काही चालत नाही. तिथे २७ देशांचे ७२० सदस्य बसतात, २४ अधिकृत भाषा बोलल्या जातात आणि एकाही राजकीय गटाकडे स्वबळावर बहुमत नसतं. सत्ताधारी आणि विरोधी बाकं अशी सरळ वाटणीही नसते, त्यामुळे अध्यक्षाला सांभाळून घेणारा ‘आपला पक्ष’ समोर दिसत नाही. अध्यक्ष अडीच वर्षांसाठी निवडला जातो. त्याच्या जोडीला १४ उपाध्यक्ष असतात आणि ते आळीपाळीने पीठासीन होतात. म्हणजे खाली दिलेल्या चुका करण्याची संधी पंधरा जणांना आहे.

सभागृहाला ऐकू येण्याआधीच पुढे जाणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक ही. तुम्ही बोललेलं वाक्य समोरच्या बहुसंख्य लोकांपर्यंत तुमच्या आवाजात पोचतच नाही, ते दुभाष्याच्या आवाजात आणि काही सेकंद उशिरा पोचतं. २४ भाषांच्या ५५२ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीसाठी थेट दुभाषी नसतो. एस्टोनियनमधलं भाषण आधी इंग्रजीत येतं आणि इंग्रजीवरून माल्टीजमध्ये जातं, असा दोन टप्प्यांचा प्रवास नेहमीचा आहे. जर्मन दुय्यम वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून दुभाष्याला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. विनोद केला तर हशा दोन लाटांत येतो.

अध्यक्ष एका दमात ‘मतदान सुरू… मतदान बंद’ म्हणाला, तर दुसऱ्या लाटेतल्या सदस्यांना पहिला शब्द ऐकू येतो तेव्हा दार लागलेलं असतं. मग हात वर होतात, ‘माझं यंत्र चाललं नाही’ अशा तक्रारी येतात आणि अध्यक्षाला वाटतं सदस्यच बेशिस्त आहेत. उपाय सोपा आहे: दुरुस्तीचा क्रमांक म्हणा, थांबा, मतदान उघडा, सभागृहावर एकदा नजर फिरवा, सगळ्यांचं झालं का विचारा, मग बंद करा. शेकडो दुरुस्त्यांची यादी हातात असताना ही शिस्त पाळणं जिकिरीचं असतं. पण घाईने वाचवलेली मिनिटं नंतरच्या तक्रारींत दामदुपटीने जातात.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त फसवं आहे. मागच्या बाकावरून कोणी माइकशिवाय काहीतरी ओरडतो, अध्यक्षाला ते ऐकू येतं आणि तो झटकन चुरचुरीत उत्तर देतो. दुभाष्यांना ऐकू येतं ते फक्त माइकमधलं. म्हणजे उत्तर सगळ्या भाषांत जातं आणि प्रश्न कुठेच जात नाही. पोर्तुगीज सदस्याला वाटतं, अध्यक्ष अचानक स्वतःशीच भांडायला लागले. दखल घ्यायची असेल तर तो शेरा आधी स्वतः माइकवर सांगा, नाहीतर सोडून द्या. एका मिनिटात तीन मिनिटांचं भाषण धडाधड वाचणाऱ्या सदस्याला ‘जरा सावकाश’ म्हणणंही अध्यक्षाचंच काम आहे. दुभाषी काचेमागे हतबल बसलेले असतात, ते मधे बोलू शकत नाहीत.

कशावर मतदान आहे ते न सांगता मतदान घेणं

२६ मार्च २०१९ चा दिवस इथे सविस्तर बघण्यासारखा आहे. कॉपीराइट निर्देश, म्हणजे युरोपीय संघाचा कॉपीराइटविषयीचा कायदा, मतदानाला आला होता. ऑनलाइन मंचांवर जबाबदारी टाकणाऱ्या कलमावरून युरोपभर मोर्चे निघाले होते. अध्यक्षस्थानी अंतोनिओ तायानी होते.

आधी पद्धत समजून घ्या. संसद, सदस्य देशांची परिषद आणि आयोग (युरोपीय संघाची कार्यकारी यंत्रणा) यांच्यात वाटाघाटी होऊन मसुदा ठरलेला असेल, तर तो तडजोडीचा मसुदा एकगठ्ठा आधी मतदानाला येतो. तो मंजूर झाला की सुट्या दुरुस्त्या आपोआप बाद होतात. म्हणून वादग्रस्त कलम वगळू पाहणाऱ्यांना आधी एक पायरी चढणं भाग होतं: दुरुस्त्यांवर आधी मतदान घ्यावं, असा क्रम बदलण्याचा निर्णय सभागृहाकडून मिळवणं. हे मतदान निव्वळ प्रक्रियेवरचं, पण सगळा खेळ त्यातच होता. ते ३१२ विरुद्ध ३१७ असं फेटाळलं गेलं. पाच मतांनी. त्यानंतर निर्देश ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला, ३६ जण तटस्थ राहिले.

नंतर दहाएक सदस्यांनी कळवलं की त्या प्रक्रियेच्या मतदानात आपल्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं. मतांचा क्रम बदलला होता आणि आपण कशावर मत देतोय हेच कळलं नाही, असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. त्यांच्या दुरुस्त नोंदी धरल्या तर निकाल उलटा दिसतो. पण नावनिशीवार, म्हणजे प्रत्येकाचं मत नावासह नोंदणाऱ्या मतदानात नंतर केलेली दुरुस्ती इतिवृत्तात फक्त ‘असं मत द्यायचं होतं’ एवढीच नोंदली जाते. जाहीर झालेला निकाल बदलत नाही, आणि तो बदलला नाही.

दोष एकट्या अध्यक्षाचा होता असं मला म्हणायचं नाही. यादी प्रत्येकाच्या हातात होती, गटांनी आपापल्या सदस्यांना खुणा करून दिल्या होत्या आणि चूक करणारे निवडून आलेले प्रौढ लोक होते. तरीही क्रम बदलला की अध्यक्षाने एक वाक्य जास्त बोलायलाच हवं: ‘हे मतदान मसुद्यावर किंवा कलमावर नाही, दुरुस्त्या आधी घ्यायच्या की नाही यावर आहे. होय म्हणजे दुरुस्त्या आधी, नाही म्हणजे मसुदा आधी.’ असं बोलायला दहा सेकंद लागतात आणि दुभाष्यांना आणखी पाच. सदस्य बहुतेक वेळा गटाच्या यादीवर बघून अधिक-उणे अशा खुणांप्रमाणे बटणं दाबतात. यादी एका ओळीने सरकली तर पुढची सगळी मतं सरकतात. म्हणून क्रम बदलला, एखादी दुरुस्ती मागे घेतली गेली किंवा आधीच्या निकालामुळे बाद झाली, तर ते मोठ्याने सांगा. नुसतं ‘पुढचं’ म्हणणारा अध्यक्ष सदस्यांना खड्ड्यात घालतो.

‘होयचं बहुमत’ कानाने ठरवणं

आपल्याकडे विधिमंडळात आवाजी मतदान इतकं अंगवळणी पडलंय की नवशिके इथेही आवाज मागतात. युरोपीय संसदेत मतदान हात वर करून किंवा यंत्राने होतं. हातांवरून अंदाज अध्यक्ष स्वतः सांगतो, आणि तो चुकीचा वाटला की ‘चेक, चेक’ असा गलका होतो. अशा वेळी अडून बसू नका, लगेच यंत्राने पडताळणी घ्या. पडताळणीत तुमचा अंदाज उलटला तर त्यात नामुष्की कसली? नामुष्की न घेण्यात आहे. गटाने आधी नावनिशीवार मतदान मागितलं असेल तर हात वर करण्याचा प्रश्नच येत नाही, प्रत्येकाचं मत नावासह इतिवृत्तात छापलं जातं.

जास्त मतं म्हणजे मंजूर, असं गृहीत धरणं

साध्या बहुमतात फक्त बाजूची आणि विरोधातली मतं मोजतात, तटस्थांना हिशेबात धरत नाहीत. काही बाबतींत मात्र युरोपीय संघाच्या करारांनी एकूण सदस्यसंख्येचं बहुमत मागितलं आहे. उदाहरणार्थ, दुसऱ्या वाचनात परिषदेच्या भूमिकेत दुरुस्ती करायची असेल तर ७२० पैकी किमान ३६१ मतं बाजूने लागतात. तिथे ३४० विरुद्ध १५० असा निकाल लागला तरी दुरुस्ती पडते. घरी बसलेला आणि तटस्थ राहिलेला, दोघंही प्रत्यक्षात विरोधातच मोजले जातात. असा आकडा पडद्यावर दिसला की सवयीने ‘मंजूर’ म्हणणारा अध्यक्ष तोंडघशी पडतो.

आयोगाच्या अध्यक्षपदाची निवडही याच मापाने होते. जुलै २०१९ मध्ये उर्सुला फॉन डेर लायन यांना ३७४ मतं हवी होती, मिळाली ३८३. आयोगावरच्या अविश्वास ठरावाला तर दुहेरी कुलूप आहे: टाकलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत. म्हणून मतदान उघडण्याआधी प्रत्येक बाबीपुढे लागणारं बहुमत पेन्सिलीने लिहून ठेवा. मागे बसलेले सचिवालयाचे अधिकारी चिठ्ठ्या पुढे करतात, पण चिठ्ठी वाचायला वेळ असेलच असं नाही.

रिकाम्या बाकांना घाबरणं

गणपूर्ती एक तृतीयांश सदस्यांची. पण ठरावीक संख्येच्या सदस्यांनी मागणी केल्यावर अध्यक्ष मोजून ‘नाही’ म्हणत नाही, तोवर ती आहे असंच धरलं जातं. चर्चेला तर ती लागतच नाही. त्यामुळे तीस जण बघून चर्चा थांबवू नका.

जुलै २०१७ मध्ये माल्टाकडे सहा महिने असलेल्या परिषदेच्या अध्यक्षपदाच्या आढाव्याला इतकेच सदस्य आले होते, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर संतापून संसदेला हास्यास्पद म्हणाले. तायानींनी त्यांना तिथेच अडवलं: भाषा जपा, आयोग संसदेवर नियंत्रण ठेवत नाही, संसद आयोगावर ठेवते. रिकाम्या बाकांचं समर्थन न करता त्यांनी सभागृहाचा मान राखला. पाहुणा कितीही मोठा असो, ही रेघ ओढायला कचरू नये. आज त्या जागी येऊन बोलणाऱ्यांत युरोपियन कौन्सिलचे (सदस्य देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचे) अध्यक्ष अंतोनिओ कोस्टाही असतात, वडिलांकडून गोव्याचे. आपल्याला कौतुक वाटतं, पण अध्यक्षाला तिथे कौतुक करायला वाव नसतो.

शिस्तीत उशीर, किंवा अतिरेक

२९ जानेवारी २०२० ला ब्रसेल्समध्ये ब्रेक्झिट करारावर शेवटची चर्चा होती. ब्रेक्झिटचे पुरस्कर्ते ब्रिटिश सदस्य नायजेल फराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषणाच्या शेवटी छोटे ब्रिटिश झेंडे फडकवले. पीठासीन उपाध्यक्ष मेरेड मॅकगिनेस यांनी माइक बंद केला, नियम मोडला की माइक जातो हे सांगितलं आणि जाताना झेंडेही सोबत न्यायला सांगितलं. आवाज फार चढवला नाही, लांबण लावली नाही, कामकाज पुढे नेलं. माझ्या मते शिस्तीचा हा सर्वांत चांगला नमुना आहे. १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भाषणात उत्तर आयर्लंडचे प्रोटेस्टंट नेते आणि सदस्य इयन पेझली आरडाओरडा करू लागले, तेव्हा अध्यक्ष लॉर्ड प्लम यांनाही त्यांना बाहेर काढण्याखेरीज पर्याय उरला नाही. पाहुण्याला बोलताच येत नसेल तर समज देत बसण्यात अर्थ नसतो.

शिक्षा हा वेगळा विषय आहे, आणि इथे अध्यक्षाचा तोल जाऊ शकतो. २०१० मध्ये युरोपियन कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष हेर्मान व्हान रॉम्पाय यांचा अपमान केल्याबद्दल फराज यांनी माफी मागायला नकार दिला, तेव्हा संसदेचे अध्यक्ष येझी बुझेक यांनी त्यांचा दहा दिवसांचा भत्ता कापला. २०१७ मध्ये पोलंडचे सदस्य यानुश कोर्विन-मिक्के यांनी बायका दुबळ्या आणि कमी बुद्धीच्या असतात म्हणून त्यांना कमी पगार मिळायला हवा, असं सभागृहात म्हटलं. तायानींनी ३० दिवसांचा भत्ता आणि दहा दिवसांचं निलंबन अशी शिक्षा दिली. विधान संतापजनक होतंच. पण मे २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्या वेळच्या नियमानुसार कामकाजात गंभीर अडथळा येणं आवश्यक होतं, आणि तसा अडथळा आलाच नव्हता. घृणास्पद बोलणं आणि कामकाज बंद पाडणं या दोन गोष्टींची गल्लत झाली की निर्णय कोर्टात टिकत नाही. काय घडलं, कोणत्या नियमाखाली, कामकाज किती काळ थांबलं, हे त्याच क्षणी नोंदवून घ्या.

हरकतीच्या मुद्द्याला भाषण होऊ देणं

हरकतीचा मुद्दा इतर सगळ्या विनंत्यांच्या आधी घ्यावा लागतो आणि सदस्यांना हे चांगलं माहीत असतं. म्हणून बोलायला वेळ न मिळालेला प्रत्येक जण ‘हरकत’ घेतो. पहिला प्रश्न ठरलेला असू द्या: कोणता नियम? क्रमांक सांगता आला नाही तर माइक बंद. सांगितला तर एक मिनिट. निर्णय शक्यतो तिथेच द्या, तो मताला टाकायचा नसतो. अवघड असेल तर २४ तासांच्या आत देतो, असं म्हणायची मुभा आहे. ती वापरायला लाजू नका.

निळ्या कार्डाचंही तसंच आहे. ते दाखवून वक्त्याला अर्ध्या मिनिटाचा प्रश्न विचारता येतो, पण वक्ता तयार असेल तरच, आणि प्रश्नच विचारायचा. चर्चेच्या शेवटी हात वर करणाऱ्यांना एकेक मिनिट देताना आपल्या ओळखीच्या भाषेत बोलणाऱ्यांकडेच नजर आपसूक जाते. गट आणि देश आलटून पालटून घ्या, नाहीतर तक्रार हमखास येते.

स्वतःचं मत मधे आणणं

अध्यक्षाला चर्चेत भाग घ्यायचा असेल तर खुर्ची सोडावी लागते, आणि ती चर्चा संपेपर्यंत परत बसता येत नाही. मत मात्र देता येतं. इथे भारतीय सवय आडवी येते. आपल्या संसदेत राज्यघटनेच्या कलम १०० नुसार पीठासीन व्यक्ती एरवी मत देत नाही आणि मतं समसमान झाली तरच निर्णायक मत देते. युरोपीय संसदेत उलटं आहे. अध्यक्ष बाकीच्यांसारखा मत देऊ शकतो, पण निर्णायक मत त्याला नाही. समसमान मतं पडली की दुरुस्ती फेटाळली गेली असं धरलं जातं. काही मोजक्या बाबतींत निकाल वेगळा लागतो, संपूर्ण मजकूर समितीकडे परत जातो वगैरे. अशा वेळी पडद्यावर दोन्ही बाजूंना सारखे आकडे दिसले की सभागृहातले डोळे तुमच्याकडे वळतील. निकाल सांगा आणि पुढच्या दुरुस्तीचा क्रमांक घ्या.